सात वर्षांची पायलट आणि अख्खं घर ग्राउंड स्टाफ: लहान मुलांसोबत कॅमेरा ड्रोन कसा उडवायचा

आमच्याकडं ड्रोन उडतो तेव्हा पाच माणसं कामाला असतात. लेक कंट्रोलर धरते, तिच्या मागं तिचा बाबा, आबा वाऱ्याकडं बघत बांधावर बसलेले, आजी कोंबड्या आणि शेजारची पोरं लांब ठेवते, आणि मी बॅटरीचा आकडा मोठ्यानं वाचत असते, "साठ… पन्नास… चाळीस, चल आता उतरव". ड्रोन हवेत असतो जेमतेम नऊ-दहा मिनिटं, पण त्या दहा मिनिटांसाठी सकाळपासून घरात जी धांदल असते ना, माझ्या मते खरी मजा तीच आहे. म्हणून आधीच सांगते, मुलाला ड्रोन देऊन "जा खेळ" म्हणायचा विचार असेल तर नका घेऊ. घरातल्या प्रत्येकाला काहीतरी काम मिळणार असेल तर मात्र जरूर घ्या.

आमचं सुरू झालं ते गावाला जाताना. कोरेगावच्या अलीकडं उसात फवारणीचा ड्रोन चालला होता, ती दहा लिटरची टाकी लावलेला मोठा, लेकीनं गाडी थांबवायला लावली आणि अर्धा तास हलली नाही. घरी पोचल्यावर आबांनी आणखी भर घातली, की गावठाणाची मोजणी झाली तेव्हा पण ड्रोन आला होता, घराघराच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारल्या होत्या वरून दिसाव्यात म्हणून. झालं, तिथून पुढं दोन महिने रोज "आई ड्रोन". माझ्या भावाकडं २०१९ मध्ये घेतलेला टेलो नावाचा छोटा कॅमेरा ड्रोन पडून होता, तो त्यानं दिला, आणि खाली जे लिहितेय ते सगळं त्याच्यावर शिकलेलं आहे.

आधी ड्रोन कोणता

वजन बघा, बाकी सगळं नंतर. आपल्याकडच्या ड्रोन नियम २०२१ मध्ये २५० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाचा ड्रोन म्हणजे नॅनो, आणि नॅनोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. लहान मुलासाठी याच्या वर जायचंच नाही. टेलो ८० ग्रॅमचा आहे, म्हणजे हातात घेतला तर एका मोठ्या अंड्यापेक्षा थोडा जड. डोक्यावर पडला तर मूल दचकेल, रडेल, पण खोक पडायची शक्यता खूप कमी. अर्धा किलोचा ड्रोन पडला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

दुसरं म्हणजे पात्यांभोवती गार्ड पाहिजेत, चारही बाजूंनी, आणि काढता येत असले तरी काढायचे नाहीत. तिसरं, बोटं सोडली की ड्रोन जागेवर थांबला पाहिजे. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. स्वस्त खेळण्यातल्या ड्रोनमध्ये 'अल्टिट्यूड होल्ड' असतं, म्हणजे तो उंची धरतो पण आडवा वाहवत जातो, भिंतीकडं, झाडाकडं, जिकडं हवा नेईल तिकडं. ज्याच्या पोटाखाली छोटा कॅमेरा आणि सेन्सर असतो तो खालची जमीन बघून स्वतःची जागा धरून ठेवतो, त्याला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. टेलोमध्ये हे आहे. मूल घाबरलं की ते पहिल्यांदा हात काढून घेतं, त्यामुळं हात काढल्यावर थांबणारा ड्रोन आणि न थांबणारा ड्रोन यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. टेलो घेण्याआधी आम्ही ऑनलाइन एक स्वस्तातला मागवला होता, खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के लिहिलेलं, व्हिडिओ बघितला तर माणूस आहे का झाड ते कळेना, आणि तो पहिल्याच दिवशी वाहवत जाऊन शेजारच्या पत्र्यावर बसला. टेलोवर प्रामाणिकपणे ५ मेगापिक्सेल आणि ७२०पी लिहिलंय आणि तेवढं ते मिळतं. मुलाला मोठ्या स्क्रीनचा सिनेमा काढायचा नाहीये, आपलं घर वरून कसं दिसतं ते बघायचंय, त्याला हे पुरतं.

आता अडचण अशी की ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर सरकारनं बंदी घातलीय, त्यामुळं बाहेरच्या ब्रँडचे ड्रोन इथं सरळ वाटेनं मिळत नाहीत. आणि अमेरिकेतल्या मावशीला "येताना एक घेऊन ये गं" म्हणून सांगू नका, विमानतळावर कस्टमला ड्रोन डिक्लेअर करावा लागतो आणि तो जप्त होऊ शकतो, बिचारी नसत्या भानगडीत सापडेल. आधीपासून कुणा नातेवाइकाकडं पडलेला असेल तर तो मागून घ्या. किंवा इथे बनलेलं बघा, मुंबईच्या द्रोणा एव्हिएशनचा प्लूटो आहे, आयआयटी मुंबईतून निघालेली कंपनी आहे ती, छोटा ड्रोन आणि स्वतः जोडायचा किट, जरा मोठ्या मुलांना तर फारच छान. घेताना ड्रोनच्या नोंदणीच्या युनिक आयडेंटिफिकेशन नंबरचं म्हणजे यूआयएनचं काय ते विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि विमान वाहतुकीचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, म्हणजे डीजीसीएच्या पोर्टलवर स्वतः पण बघा, नियम अधूनमधून बदलतात.

एक गोष्ट लपवणार नाही, टेलोच्या खोक्यावर वय १४ च्या पुढं लिहिलंय. म्हणजे सात वर्षांच्या मुलाच्या हातात तो असला तरी पायलट आपणच आहोत, जबाबदारी आपली, आणि एक मोठं माणूस कायम हाताच्या अंतरावर पाहिजे. आम्ही हे एकदाही मोडलेलं नाही.

कुठं उडवायचा

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो आणि पुण्यात उघड्यावर एकदाही उडवला नाही. एका बाजूला लोहगावचा एअरफोर्सचा तळ, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याला एनडीए. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा उघडून बघा, त्यात लाल, पिवळा, हिरवा असे झोन आहेत. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. पिवळा म्हणजे एटीसीची, विमानांच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची, परवानगी. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही हद्द २०० फुटांवर येते. आपल्याला मुलासोबत तीस फुटांच्या वर जायचंच नाहीये, तरी पण लाल ते लाल, तिथं तीन फूट पण नाही.

मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेवर बंदीचे आदेश काढतात, ते नकाशावर दिसत नाहीत, बातम्यांमध्ये बघावे लागतात. नाशिककरांना देवळाली आणि ओझर आहे. गोव्याला सुट्टीत नेणार असाल तर दाबोळीला नौदलाचा तळ आहे आणि उत्तरेला मोपा, बीच मोकळा दिसला म्हणून लगेच बाहेर काढू नका. आणि गड! रायगड, शिवनेरी हे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले आहेत, तिथं परवानगीशिवाय ड्रोन नाही. मुलं फार हट्ट करतात गडावर, आमचीनं पण केला, तेव्हा शांतपणे नाही म्हणायचं, वरून फोनवर फोटो काढून द्यायचा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी थोडक्यात, तिथं २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन नुसता मजेसाठी उडवत असाल तर रजिस्ट्रेशन लागत नाही पण ट्रस्ट नावाची ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते, फुकट आहे. माझ्या नणंदेनं आणि तिच्या मुलानं शेजारी बसून दिली, मला हे फार आवडलं.

आम्ही निवडलं आजोळ, खटाव तालुक्यात. ज्वारी काढून झाली की मार्च-एप्रिलमध्ये कोरडवाहू रान लांबच्या लांब मोकळं असतं, नकाशावर आमचा भाग हिरवा होता. तरीही पहिलं काम काय केलं तर आबांना घेऊन सरपंच आणि पोलीस पाटलांकडं गेलो, ड्रोन दाखवला, पोरगी उडवणार आहे म्हणून सांगितलं. याला कारण आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालना जिल्ह्यांत रात्री ड्रोन फिरतायत, चोर टेहळणी करतायत अशी भीती गावागावात पसरली होती, लोक काठ्या घेऊन जागायचे. अशा गावात न सांगता काही उडवलं तर लोकांचं घाबरणं अगदी बरोबर आहे. त्यामुळं सांगून उडवायचा, दिवसा उडवायचा, अंधार पडल्यावर नाही म्हणजे नाही. आणि दुसऱ्याच्या अंगणावरून, गच्चीवरून, न्हाणीच्या बाजूनं न्यायचा नाही. हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा, त्यांना कळतं. आमची स्वतःच सांगते आता सगळ्यांना, "त्यांच्या घरावरून नाही जायचं, त्यांना विचारलं नाही".

ड्रोन न काढता पहिला आठवडा

हा भाग बहुतेक लोक गाळतात आणि मग पहिल्या दिवशी ड्रोन तुटतो.

खेळ असा आहे: एक जण ड्रोन, एक जण रिमोट. ड्रोन झालेल्यानं हात पसरून उभं राहायचं, नाक ज्या दिशेला ती पुढची बाजू. 'पुढे' म्हणजे एक पाऊल पुढे. 'डावीकडं' म्हणजे वळायचं नाही, खेकड्यासारखं बाजूला सरकायचं. 'डावीकडं वळ' म्हणजे जागेवरच फिरायचं. 'वर' म्हणजे चवड्यांवर, 'खाली' म्हणजे उकिडवं. 'थांब' म्हणजे पुतळा. सरकणं आणि वळणं यातला फरक मोठ्यांनाही पटकन कळत नाही, या खेळात पाच मिनिटांत कळतो.

मग मधेच आपण ड्रोन व्हायचं आणि मुलाकडं तोंड करून उभं राहायचं. ते म्हणेल 'उजवीकडं' आणि आपण त्याच्या डावीकडं सरकणार. लेक पहिल्यांदा चिडली, "अगं आई उजवीकडं!", मी म्हणलं हीच माझी उजवी, ती दोन मिनिटं गप्प उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "म्हणजे ड्रोन माझ्याकडं बघत असेल तर सगळं उलटं". बस, ड्रोन उडवण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट तिनं हॉलमध्ये उभ्या उभ्या शिकून घेतली.

नंतर ड्रोन बंद ठेवून नुसता कंट्रोलर हातात द्यायचा. टेलोसोबत रिमोट येत नाही, फोनच्या स्क्रीनवरच दोन गोल येतात, आणि लहान मुलांची बोटं काचेवरून सारखी घसरतात, त्यामुळं ब्लूटूथ गेमपॅड जोडला तर खूप फरक पडतो. डावी दांडी वर-खाली आणि वळणं, उजवी दांडी पुढं-मागं आणि बाजूला सरकणं. आपण खेळातल्याच आज्ञा द्यायच्या आणि मुलानं ती ती दांडी हलवायची. 'थांब' म्हणलं की दोन्ही अंगठे हवेत. हे 'थांब' इतकं पक्कं झालं पाहिजे की झोपेतून उठवून म्हणलं तरी अंगठे वर गेले पाहिजेत.

हॉलमध्ये

पंखा बंद. हे पहिलं. ड्रोन वर गेला आणि पंखा चालू असला तर दोघांचंही काही खरं नाही, आणि पात्याचा तुकडा कुठंही उडू शकतो. पडदे बांधून ठेवा, खिडक्या लावा, देवघरातली समई विझवा, घरात बाळ किंवा कुत्रं असेल तर दुसऱ्या खोलीत. मुलाचे केस घट्ट बांधलेले, ओढणी-स्कार्फ काही नको, साधा प्लास्टिकचा गॉगल डोळ्यावर.

चकचकीत पांढरी टाइल असेल तर ड्रोन भरकटतो. पोटाखालच्या कॅमेऱ्याला खाली काहीतरी नक्षी, डाग, रेघा दिसाव्या लागतात तेव्हा तो जागा धरतो, गुळगुळीत फरशीवर किंवा कमी उजेडात त्याला कळतच नाही आपण कुठं आहोत. आम्ही आजीची पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी अंथरली आणि तो लगेच शहाण्यासारखा उभा राहिला. हेच कारण आहे पाण्यावर न नेण्याचं, तळं विहीर नदी काहीच नाही.

पहिले दोन दिवस एवढंच: टेकऑफ, छातीच्या उंचीवर, वीसपर्यंत आकडे, लँडिंग. अंगठे दांड्यांवर ठेवायचेच नाहीत, नुसतं बघायचं. मुलाला वाटतं यात काय, पण तो आवाज आणि वारा अंगावर घ्यायची सवय व्हायला वेळ लागतो, आमची पहिल्या वेळी कानावर हात ठेवून बाबाच्या मागं जाऊन उभी राहिली होती, आणि आम्ही तिला ढकललं नाही, त्या दिवशी तिनं नुसते आकडे मोजले. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, आता मी. मग एक पाऊल पुढं, थांब, एक पाऊल मागं, थांब. ड्रोनची शेपटी कायम मुलाकडं, म्हणजे डावं ते डावं.

मोकळ्या रानात

सकाळी सात ते साडेआठ, यापलीकडं नाही. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापलं की माणदेशाच्या बाजूला वावटळी उठतात, पाचोळा गोल फिरवत येतात, ८० ग्रॅमचा ड्रोन त्यात एका सेकंदात जातो. टेलोला जीपीएस नाही, परत ये म्हणलं तर येणार नाही, हे लक्षात ठेवा.

वारा बघायचं काम आबांचं. ते मूठभर भुस्सा घेऊन डोक्याच्या उंचीवरून सोडतात, उफणणी करताना बघायचे तसंच. भुस्सा पायाजवळ पडला तर हो, दोन हात लांब गेला तर "आज राहू द्या". त्यांचा शब्द शेवटचा, त्यावर कुणी वाद घालत नाही, लेक सुद्धा नाही. फोनच्या ॲपवरचा वाऱ्याचा आकडा जवळच्या गावाचा असतो, आपल्या बांधावरचा वारा आबांनाच कळतो.

उतरायची जागा करा. आम्ही पहिल्यांदा गोणपाट अंथरलं आणि सुतळीचे धागे मोटरच्या दांडीत गुंडाळले गेले, चिमटा घेऊन अर्धा तास काढत बसलो. मातीवरून उडवला तर फुफाटा आत जातो. आता प्लायवूडचा एक तुकडा ठेवतो, त्यावर लेकीनं चुन्यानं गोल काढलाय, गावठाण मोजणीसारखा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पायलट जागचा हलणार नाही. रानात बांध असतात, दगड असतात, कुपाटी असते, आणि विहिरी असतात, त्यातल्या कित्येकांना कठडा नसतो. मूल वर बघत बघत मागं सरकतं आणि त्याला कळत पण नाही. आम्ही विहिरीपासून एक पूर्ण वावर सोडून जागा निवडतो, जमिनीवर फक्कीनं एक रिंगण आखतो, लेक त्या रिंगणात उभी राहते आणि बाबाचा एक हात तिच्या खांद्यावर असतो. रिंगणातून पाय बाहेर पडला तर ड्रोन उतरवायचा. ड्रोन पडला तर ती धावत जाणार नाही, मोठं माणूस जाणार. हा नियम करताना ती रुसली होती, पण आता शेजारच्या पोरांना तीच रिंगणाबाहेर काढते.

इथले धडे असे. चार बादल्या चौकोनात ठेवायच्या आणि ड्रोननं प्रत्येकीच्या वर जाऊन थांबायचं, शेपटी आपल्याकडंच. हे नीट जमलं की चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यात वळायचं. मग ड्रोनचं तोंड आपल्याकडं करून नुसतं डावं-उजवं, इथं परत सगळं उलटं होतं, गडबड झाली की 'थांब', अंगठे वर, श्वास घ्यायचा, मग विचार करून एकच दांडी. आमच्याकडं बादल्यांचा चौकोन जमायला तीन सकाळी लागल्या आणि तोंडासमोरचा धडा अजून चालू आहे, काही घाई नाही. उंची दहा मीटरच्या आत, ॲपमध्ये हद्द घालायची सोय असेल तर ती घालूनच ठेवा. प्रत्येकाची पाळी दोन-तीन मिनिटं. कागदावर १३ मिनिटं लिहिली असली तरी वाऱ्यात नऊ-दहाच मिळतात, आणि तीस टक्क्यांना आमचा ड्रोन खाली असतो.

घार घिरट्या घालायला लागली तर लगेच उतरवा, तिच्या हद्दीत आपण गेलोय. कावळ्यांची घरटी असतात त्या झाडांपासून लांब. वडाला आग्यामोहोळ असेल तर त्या बाजूला ड्रोन काढायचाच नाही, हे फार गंभीरपणे सांगतेय. म्हशी-बैल बिथरतात, दावं तोडतात, त्यांच्यावरून नाही. आणि मोटारीच्या वायरी, लाइटच्या तारा. तारेवर अडकला तर तो गेला म्हणायचं, काठीनं काढायला कुणी जाऊ नका, वायरमनला सांगा.

आमचा बाभळीवर गेला एकदा. खाली वारा अजिबात नव्हता, पण झाडाच्या शेंड्याच्या वर गेला आणि तिथं वारं होतं, तो सरळ वाहवत गेला आणि काट्यात. लेक रडली. आबांनी चिंचा काढायची आकडी आणली, बाबानं खाली चादर धरायला लावली, दहा मिनिटांत निघाला, एक पातं मोडलं होतं. पात्यांचा जादा सेट कायम जवळ ठेवा, आणि लावताना बघून लावा, दोन प्रकारची पाती असतात, समोरासमोरच्या कोपऱ्यात सारखी, चुकीचं लावलं तर ड्रोन उडायच्या ऐवजी जागेवरच उलटा पडतो. पातं बदलायच्या आधी बॅटरी काढायची. हे काम मी लेकीला करू दिलं, खुणा बघून तिनंच लावलं, आणि रडणं तिथंच संपलं.

कॅमेरा

उडवणं जमल्याशिवाय कॅमेरा नाही, कारण मूल स्क्रीनमध्ये बघायला लागलं की ड्रोनकडं बघत नाही. आमच्याकडं फोन माझ्या हातात असतो, ती ड्रोनकडं बघते आणि विचारते, "दिसतंय का?", मी सांगते, "आजी अर्धीच आलीय".

टेलोचा कॅमेरा समोर बघतो, सरळ खाली वळत नाही. त्यामुळं जे फोटोत पाहिजे त्याच्या डोक्यावर जाऊन उपयोग नाही, मागं जावं लागतं आणि थोडं वर. आजीनं गच्चीवर पांढऱ्या साडीवर कुरडया घातल्या होत्या, ओळीनं, चक्रासारख्या, लेकीला त्याचा वरून फोटो पाहिजे होता. ती बरोब्बर कुरडयांच्या वर घेऊन गेली आणि स्क्रीनवर शेजारचा लिंब. मग मागं, अजून मागं, जरा वर, आणि एकदम सगळी गच्ची दिसली, साडी, कुरडया, कडेला काठी घेऊन बसलेली आजी. लांबून काढल्याचा दुसरा फायदा म्हणजे पात्यांच्या वाऱ्यानं कुरडयांवर धूळ उडाली नाही, आजीची अट तीच होती.

ऊन ड्रोनच्या पाठीमागं पाहिजे. सकाळचं तिरकं ऊन असतं तेव्हा सावल्या लांब पडतात, माणसांच्या, झाडाच्या, बांधाच्या, आणि साधं ढेकळाचं रान सुद्धा फार सुंदर दिसतं. व्हिडिओला एकच नियम शिकवला: रेकॉर्ड दाबायचं, पाचपर्यंत मोजायचं, एकच दांडी हळूच ढकलायची, परत पाचपर्यंत मोजायचं, बंद. मुलं सगळ्या दांड्या एकदम हलवतात आणि बघणाऱ्याला गरगरतं. टेलोचा व्हिडिओ ड्रोनमध्ये नाही, वायफायवरून फोनमध्ये साठतो, म्हणून ड्रोन लांब गेला की व्हिडिओ अडखळतो, आणि मधेच फोन आला तर सगळंच बिघडतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकून वायफाय आणि गेमपॅडसाठी ब्लूटूथ तेवढं चालू ठेवा.

आमची सगळ्यात आवडती क्लिप म्हणजे सगळे अंगणात उभे, ड्रोन समोरून हळूहळू मागं मागं जातो, आधी नुसते चेहरे, मग घर, मग गोठा, मग रान. एकच दांडी आहे, मागं. सात वर्षांच्या मुलाला सहज जमते. ती आम्ही घरच्या ग्रुपवरच टाकली, शेजाऱ्यांचं अंगण दिसत होतं तो तुकडा कापून.

बॅटरी

हे फक्त मोठ्यांचं काम. लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी असते, ड्रोनमधून काढल्यावर गरम असते, ती गार होईपर्यंत अर्धा तास थांबायचं आणि मगच चार्जिंग. चार्जिंग गादीवर, सोफ्यावर नाही, फरशीवर किंवा ओट्यावर, आणि घरात कुणीतरी जागं असताना. रात्री लावून झोपायचं नाही. उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवू नका, एप्रिलमध्ये तर अजिबात नाही. फुगलेली दिसली, जरासुद्धा, तर ती संपली, परत चार्ज करायची नाही, कचऱ्याच्या डब्यात पण टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. सुट्टी संपून महिनाभर ठेवायची असेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, अर्ध्याच्या आसपास ठेवा. लेकीचं काम म्हणजे वहीत लिहायचं, तारीख, किती वेळा उडवला, वारा कसा, काय मोडलं. एका पानावर लिहिलंय, "आज ४ वेळा. आबा म्हणाले वारा बरा. १ बाभूळ."

पावसाळ्यात

जूनपासून ड्रोन बाहेर जात नाही, थेंब सुद्धा चालत नाही त्याला. तेव्हा स्क्रॅच, म्हणजे मुलांना चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅमिंग शिकवणारं सॉफ्टवेअर. टेलो स्क्रॅचच्या ब्लॉक्सनी चालवता येतो, लॅपटॉप ड्रोनच्या वायफायला जोडायचा आणि ब्लॉक ओढून एकाखाली एक लावायचे, वाचता येणाऱ्या मुलाला शेजारी बसून जमतं. हॉलमध्ये सतरंजी अंथरून, पंखा बंद करून, आम्ही बादल्यांचाच चौकोन परत केला: उड, १०० सेंटिमीटर पुढं, ९० अंश उजवीकडं वळ, असं चार वेळा, उतर. पहिल्यांदा तिनं वळायचा ब्लॉक विसरून नुसतं पुढं, पुढं, पुढं लावलं होतं आणि ड्रोन सरळ कपाटाकडं निघाला. बाबा उठायच्या आत तीच ओरडली, "थांब!", आणि मी लॅपटॉपवर लँडचं बटण दाबलं. मग तिनं स्वतः ड्रोन होऊन हात पसरून तो चौकोन चालून बघितला, आणि ब्लॉक बरोबर लावला.